कानस आणि कल्ले

तिला आम्ही सगळे कानस म्हणायचो. तोंडावर नाही, तेवढी छाती कुणाची नव्हती. कारखान्यात तिचं काम घासायचं होतं, म्हणजे साच्यातून निघालेला माल कानशीने घासून गुळगुळीत करायचा. हातात कानस नसली तरी ती समोरच्याला घासतच असायची. माझं टेबल तिच्या शेजारी. इतकी वर्षं शेजारी बसून मला ती आवडायला लागली असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्याने तो गैरसमज आत्ताच काढून टाकावा. मला ती पहिल्या दिवशी आवडली नाही आणि शेवटच्या दिवशीही आवडली नाही.

पहिलाच दिवस सांगते. जेवणाच्या सुट्टीत मी पिशवीतून विणकाम काढलं. धाकट्या दिराच्या बाळासाठी मोजे करत होते, एक झाला होता आणि दुसरा टाचेपर्यंत आला होता. ही बाई समोरून आली, माझ्या हातातून सुया मोज्यासकट ओढून घेतल्या आणि प्लॅस्टर कालवलेल्या ड्रममध्ये टाकल्या.

"हे इथे चालणार नाही," ती म्हणाली.

"का? तुझ्या बापाचा कारखाना आहे?"

"बापाचं नाव काढलंस ते काढलंस. आईचं काढू नकोस."

मी तरातरा मालकांकडे गेले. मालकांनी कपाळाला हात लावला. "तिचं सोड," ते म्हणाले. "दुसऱ्या सुया घे, पैसे मी देतो. घरी विण." तिच्यासारखं घासकाम दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं, म्हणून मालकसुद्धा तिला वचकून असत. माझा अर्धा मोजा प्लॅस्टरमध्ये कडक होऊन निघाला. दार मिटू नये म्हणून फोरमनने तो खाली अडकण म्हणून लावला, आणि पुढे रोज सकाळी मी त्याला ठेचकाळून आत यायची. रोज सकाळी मला तिचा नव्याने राग यायचा.

आमच्या कारखान्यात शाळांसाठी शरीराच्या प्रतिकृती बनतात. उघडून दाखवायचं हृदय, कापलेला डोळा, कानाचा आतला भाग, दातांसकट जबडा. साच्यात जिथून माल ओततात तिथे नगाला एक दांडी चिकटून येते, तिला आमच्याकडे शेपूट म्हणतात. मालात हवा राहिली की बारीक खड्डे पडतात. त्यात लांबी भरायची, भिंत रंगवायच्या आधी रंगारी भरतात तीच पांढरी लांबी. साचे उघडले की फोरमन एकच आरोळी ठोकायचा, "शेपट्या कापा, खड्डे भरा!" मग माल कानसेच्या टेबलावर जायचा. ती डोळे मिटून नगावरून बोट फिरवायची आणि टाचणीच्या टोकाएवढा खड्डाही तिच्या बोटातून सुटायचा नाही. तिने हातावेगळा केलेला माल माझ्याकडे रंगाला यायचा.

ती बारा महिने गळ्याला स्कार्फ बांधायची. कडक उन्हाळ्यात पंखा बंद पडला तरी स्कार्फ सुटायचा नाही. पॅकिंगला नव्याने लागलेल्या एका बिचारीने एकदा सहज विचारलं, "गळ्याला काही झालंय का हो?" कानसेने सरळ स्कार्फ ओढून काढला. मानेच्या उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडाच्या थोडं वर, एक भोक होतं. विणायच्या सुईचं टोक मावेल एवढं. त्याच्या तोंडाशी चिकट पाण्याचा थेंब होता.

"बघितलंस? माझ्या आईने पाडलंय. मी पोटात असताना मला संपवायला तिने विणायची सुई घातली होती. मी संपले नाही. झालं समाधान?"

ती पोरगी जेवण अर्धं टाकून उठली. माझ्या मोज्याचं कोडं मला त्या दिवशी उलगडलं. राग मात्र गेला नाही, कारण माझ्या मोज्याने तिचं काय घोडं मारलं होतं?

बाकीची हकीगत तिने तुकड्यातुकड्याने सांगितली, तीही भांडताना. तिच्या आईच्या हातात सुई बघितली होती ती आत्याने. हिच्या बापाची बहीण, त्याच घरात राहणारी. आत्याने ते वर्षानुवर्षं पोटात ठेवलं आणि ही लग्नाच्या वयाची झाल्यावर एका भांडणात बाहेर काढलं. ही तशीच आईपुढे जाऊन उभी राहिली आणि विचारलं, हे खरं का? आई काही न बोलता उठून आत गेली. झालं. त्या गप्प बसण्याला हिने हो समजलं, कपडे पिशवीत भरले आणि घर सोडलं. पुन्हा उंबरा ओलांडला नाही. पुढे लग्न केलं. नवरा एकदा म्हणाला, "असू दे गं, म्हातारी झाली ती आता," तर त्यालाही इतकं घासलं की तो बिचारा एक दिवस निघून गेला. आई राहायची त्या जागेला ती घर म्हणायची नाही, भावाचं घरही म्हणायची नाही. नुसतं 'तिकडे' म्हणायची.

एका वर्षी 'तिकडून' भावाचा फोन आला. आई अंथरुणाला खिळली होती आणि हिचं नाव घेत होती. कानसेने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला होता, हाताने एक जबडा घासणं चालूच होतं.

"मेली की कळव. त्याआधी फोन करू नकोस."

मला राहवलं नाही. "काय बाई आहेस तू!"

"तुझ्या आईने तुला सुई खुपसली असती म्हणजे कळलं असतं."

"तुझ्याशेजारी बसायचंय हे माझ्या आईला माहीत असतं, तर तिनेच मला सुई बरोबर देऊन पाठवलं असतं."

त्यावर ती पहिल्यांदा हसली. हसताना ती आणखी वाईट दिसायची.

त्याच सुमाराला गर्भाच्या वाढीचा संच करायची मोठी ऑर्डर आली. पोटातलं मूल सुरुवातीला कसं दिसतं, मग कसं होत जातं, ते लहानमोठ्या नगांमधून दाखवायचं. मूर्तिकाराने पुस्तकातली चित्रं बघून मूळ नग केले, साचे पडले, माल निघाला. फोरमनने सवयीने आरोळी ठोकली, "शेपट्या कापा, खड्डे भरा!"

कानसेने शेपट्या कापल्या. सगळ्या कापल्या. ओतायच्या तोंडाची कापली आणि गर्भाच्या बुडाशी होती तीही कापली. हनुवटीखाली मानेच्या दोन्ही बाजूंना काही खाचा होत्या, त्यात लांबी भरून, घासून, सगळं कसं सपाट केलं. माझ्याकडे आले तेव्हा ते नग आंघोळीच्या साबणासारखे गुळगुळीत होते. मला गुलाबी रंग द्यायचा होता, तो मी दिला. फोरमनने पाठ थोपटली आणि खोकी रवाना झाली.

काही दिवसांनी जीवशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम एक खोकं घेऊन दारात उभ्या राहिल्या. माझ्या मोज्याला अडखळल्या, त्यामुळे आधीच पित्त खवळलेलं. खोकं त्यांनी फोरमनच्या टेबलावर आदळलं.

"शेपूट कुठे आहे?"

फोरमनने छाती फुगवली. "कापलं, मॅडम. आमच्याकडून एकही शेपूट बाहेर जात नाही."

"आणि कल्ले? कल्ले कुठे गेले?"

फोरमनचा हात आपोआप गालावर गेला. त्याने जन्मभर राखलेले कल्ले नेमके त्याच आठवड्यात उतरवले होते. "उकडायला फार लागलं होतं, मॅडम," तो ओशाळून म्हणाला, "म्हणून काढून टाकले."

सगळा कारखाना खो खो हसला. मॅडम हसल्या नाहीत आणि कानस हसली नाही. मॅडमनी पिशवीतून पुस्तक काढून चित्र उघडलं आणि त्यावर बोट आपटलं.

"हे बघा. हे शेपूट. माणसाच्या गर्भाला सुरुवातीला असतं आणि पुढे जिरून जातं. आणि या मानेखालच्या घड्या. तुम्ही नुसतं मडकं घडवल्यासारखं पोर घडवलंय!"

"माणसाच्या पोराला कसलं आलंय शेपूट?" कानस उठून उभी राहिली. "मी घासलंय ते. मला सांगा काय सांगायचं ते."

"तुम्हालाही होतं."

"तोंड सांभाळून बोला."

"सांभाळूनच बोलतेय. तुम्हाला होतं, मला होतं, या हसणाऱ्या सगळ्यांना होतं. कुणे एके काळी आपले पूर्वज शेपूटवाले होते, त्यांच्याही आधीचे पाण्यात राहत होते. शरीराने ते सगळं टाकून दिलेलं नाही. पोटात असताना थोडा वेळ ते दिसतं आणि मग त्याचं दुसरं काही होतं, नाहीतर जातं. या घड्या बघा. माशामध्ये इथे कल्ले तयार होतात. माणसाला कल्ले कधीच फुटत नाहीत, पण घड्या त्याच. त्यातून आपला जबडा होतो, कानाचे भाग होतात, गळ्याचे होतात. खालच्या खाचांवर वरून कातडी येते आणि त्या बुजतात."

"बुजतात ना? मग मी बुजवल्या तर काय बिघडलं?"

"तुम्ही फार लवकर बुजवल्या!" मॅडमचा आवाज चढला. "आणि सगळ्यांच्या बुजतातच असं नाही. एखाद्याची राहून जाते. मग मानेला बाजूला जन्मतःच बारीक भोक असतं, त्यातून चिकट पाणी येत राहतं. आमच्या शिपायाच्या मुलीला होतं. डॉक्टरांनी ऑपरेशन करून काढलं."

मॅडमना काय माहीत त्या स्कार्फखाली काय आहे. आम्हाला मात्र सगळ्यांना माहीत होतं. जो तो आपल्या पुढ्यातल्या मालाकडे बघायला लागला. मी एकटी तिच्याकडे बघत राहिले, कारण मला बघायचंच होतं.

"खोटं," कानस म्हणाली.

"खोटं तर खोटं. मला माझे कल्ले परत पाहिजेत."

माल पुन्हा ओतला गेला. या वेळी फोरमनने घसा खरवडून नवी आरोळी दिली, "या शेपट्या ठेवा, त्या कापा!" आणि पुन्हा हशा पिकला. कानसेला आता बारीक कोरणीने खाचा साफ करायच्या होत्या, खाचेत अडकलेला माल काढून कड नीट उठवायची होती. पहिला नग पुरा झाल्यावर तिने सवयीने डोळे मिटले आणि त्याच्या मानेवरून बोट फिरवलं. मग दुसऱ्या हाताचं बोट स्कार्फच्या आत घातलं. मी म्हटलं, "दे इकडे, रंग द्यायचाय," तर तिने पाण्याचा मग माझ्या टेबलावर पालथा केला. माझ्या तीन हृदयांचे रंग वाहून गेले. मी तिला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या आठवड्यात तिने एक दिवस सुट्टी घेतली. परत आली तेव्हा माझ्याच अंगावर धावून आल्यासारखी आली.

"डॉक्टर म्हणतो सुईचं नाही. जन्माचंच आहे. आतून घशाकडे वाट जाते म्हणे त्याची, सुईने अशी वाट होत नाही."

"मग बरंच झालं की."

"काय बरं झालं?" तिने कानस टेबलावर आपटली. "इतकी वर्षं मी तिला पाण्यात पाहिलं. ती मेली तर रडायचं नाही असं ठरवून ठेवलं होतं. आता काय करू? कुणाचा राग करू आता, माशाचा?"

मी कानस उचलून परत तिच्या हातात दिली. तिच्याशी मी सहसा असं वागत नाही.

पुन्हा भावाचा फोन आला. आईने खाणं सोडलं होतं, डॉक्टरांनी आशा सोडली होती. कानसेने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "चल."

"मी कशाला?"

"तुझं तोंड माझ्याएवढंच वाईट आहे. तिकडे माझे शब्द अडकले तर तू बोलायचं."

मी काही चांगुलपणाने गेले नाही. जिने हिला जन्म दिला ती बाई कशी आहे हे मला एकदा बघायचं होतं. जाताना तिने पिशवीत दोन नग घेतले. एक परत आलेला, खाचा बुजवलेला. एक नवा, खाचा उघड्या असलेला. वर्तमानपत्रात गुंडाळून तिने ते सगळ्या रस्त्यात मांडीवर धरले.

भावाचं घर पहिल्या मजल्यावर होतं. दार भावजयीने उघडलं. "आलात? आठवण झाली एकदाची?"

"तुम्हाला भेटायला नाही आले," म्हणत कानस तिच्या अंगावरून आत गेली.

आई आतल्या खोलीत, खिडकीजवळच्या खाटेवर होती. इतकी लहान झाली होती की चादरीखाली कुणी आहे हे आधी कळलंच नाही. डोळे मात्र जागे होते आणि हिने पाऊल टाकलं तसे तिच्यावरच आले. कानसेने कशी आहेस विचारलं नाही, पाया पडली नाही. कागद फाडून दोन्ही नग चादरीवर ठेवले आणि मॅडमनी फोरमनला झापलं होतं त्याच सुरात बोलायला लागली.

"हे बघ. पोटातलं पोर असं असतं. सगळ्यांचं. माशासारख्या खाचा असतात मानेला. त्या बुजतात. माझी एक बुजली नाही. सुईचं भोक नाही ते. डॉक्टरने बघून सांगितलं, शाळेतल्या बाईने सांगितलं. कळलं का?"

आईने नवा नग उचलला. खाचांवरून बोट फिरवलं, अगदी हिच्यासारखंच.

"सुईचं नाही?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की! तू मला काही केलं नव्हतंस!" कानसेचा आवाज फाटला. "मग तेव्हा बोलली का नाहीस? मी तोंडावर विचारलं तर उठून आत गेलीस. नाही, एवढा एक शब्द. तो म्हणायला तुझं काय जात होतं? तुझ्या त्या गप्प बसण्यापायी माझं सगळं आयुष्य नासलं!"

"सुई मी घेतली होती," आई म्हणाली.

चहा घेऊन आलेली भावजय दारातच थांबली. मी आतापर्यंत दोन-चार चांगली सणसणीत वाक्यं तयार करून ठेवली होती. त्यातलं एकही आता कामाचं नव्हतं.

"तुझा बाप तेव्हा सोडून गेला होता. येईल असं वाटत नव्हतं. भाऊ तुझा रांगत होता आणि तू पोटात. मला नको होतीस तू. आतल्या खोलीत सुई घेऊन बसले होते, तुझ्या आत्याने फटीतून बघितलं ते खरंच आहे." तिला दम लागला. कुणी पाणी दिलं नाही, आम्हाला सुचलंच नाही. "पण अंगाला लावली नाही गं. मग तू झालीस आणि मानेला ते भोक. मला वाटलं, मी मनात आणलं तेवढंच तुला लागलं. मग नाही कोणत्या तोंडाने म्हणू?"

कानस उभीच होती. "का ठेवलीस?" तिने विचारलं.

"काय?"

"सुई. न वापरता खाली का ठेवलीस?"

आईने डोळे मिटले. "शेजारणीचा स्वेटर होता त्या सुईवर," ती म्हणाली. "बाही चालू होती. सुई काढली आणि टाके निसटायला लागले. म्हटलं, आधी तेवढे सावरू. सावरता सावरता विणतच बसले. बाही पुरी झाली तेव्हा उजाडलं होतं, आणि भाऊ उठून रडायला लागला होता."

"म्हणजे मी एका बाहीमुळे जगले."

"हो."

दुसरं कुणी असतं तर रडलं असतं किंवा मिठी तरी मारली असती. कानसेने यातलं काहीच केलं नाही. रागाने तिचे ओठ पांढरे पडले होते. आता तिला खराखुरा राग करण्यासारखं काहीतरी मिळालं होतं, आणि आता तेच कुठे ठेवावं ते तिला कळत नव्हतं.

"दाखव," आई म्हणाली.

कानसेने स्कार्फ सोडला. खाटेशी वाकली. आईने हात वर केला, तो मध्येच पडला, मग पुन्हा केला आणि भोकावर बोट टेकवलं. तिथला थेंब तिने बोटाने पुसला.

"हात धुतलेस का?" कानस खेकसली.

"आता काय धुवायचे," आई म्हणाली.

कानस वाकलेलीच राहिली. तिची कंबर दुखते हे मला माहीत होतं, रोज त्या कंबरेवरून ती कारखाना डोक्यावर घेते. तरी ती सरळ झाली नाही. मी पायात चपला घातल्या आणि कुणाला न सांगता निघाले.

दुसऱ्या दिवशी ती उशिरा आली. असं कधी झालं नव्हतं. गळ्याला स्कार्फ नव्हता, आणि त्यावर बोलायची कुणाची हिंमत झाली नाही. फोरमन नग मोजत होता.

"दोन कमी आहेत," तो तिला म्हणाला. "कुठे गेले?"

"घरी राहिले."

मी ब्रश हातात धरून तिच्याकडे बघत बसले.

"काय बघतेस?" ती माझ्यावर ओरडली. "रंग वाळतोय तुझा."